आत्याबाईंनी न विचारलेला प्रश्न

आत्याबाईंनी तुटलेली पिन पास केली आणि केतकी चौगुले जागच्या जागी गार पडली.

पडद्यावर नेहमीची हिरवी अक्षरं होती. पोलाद निर्दोष. कडकपणा हवा तेवढा. अंतर्रचना हवी तशी. तुटण्याचं कारण धातूत नाही.

आता धातूत नाही म्हटल्यावर उरतं काय? माणूस. आणि तो माणूस केतकीचा नवरा होता.

आत्याबाई हे यंत्राचं लाडाचं नाव. त्याला सरकारी नाव चांगलं लांबलचक होतं, पण कोल्हापूरच्या त्या चाचणी प्रयोगशाळेत ते घेण्याइतका वेळ कुणाला नव्हता. पोलादाचा तुकडा आत सरकवला की यंत्र तो कापायचं, घासून लख्ख करायचं, त्यावर कोणतं आम्ल लावायचं ते आपलं आपण ठरवायचं, सूक्ष्मदर्शकातून फोटो काढायचं आणि मग नाक मुरडायचं किंवा मान डोलवायचं. मुलगी बघायला आलेल्या आत्याबाई करतात तसंच. देशभरात अशा दोनशे आत्याबाई बसल्या होत्या. त्यांनी मान डोलावली की पोलाद पुलात जायचं, लिफ्टमध्ये जायचं, रेल्वेत जायचं. त्यांच्या शब्दापुढे कुणाचं काही चालत नसे, आणि सहा वर्षांपूर्वी त्यांना शिकवून शहाणं करणाऱ्यांत केतकी सगळ्यात पुढे होती.

पिन आली होती झंस्कारच्या खोऱ्यातून. तिकडे बर्फाने रस्ता बंद झाला की बाहेर पडायला रोपवे हीच एक वाट. रोपवेचा प्रत्येक डबा दोन पिनांवर टांगलेला असतो. गेल्या आठवड्यात थंडी उणे सव्वीसवर उतरली आणि एका डब्याची एक पिन बांगडी फुटावी तशी तटकन तुटली. दुसरी टिकली, म्हणून आतली माणसं टिकली. दरीवर तिरका लोंबकळणारा तो डबा सगळ्या देशाने दिवसभर टीव्हीवर बघितला. देखभालीची जबाबदारी केतकीच्या नवऱ्याची, निरंजनची. त्यानेच पिन चुकीची आवळली असणार, असं रोपवेच्या कंपनीने संध्याकाळच्या आत जाहीरही करून टाकलं.

केतकीने त्याला फोन लावला.

"कळला निकाल," निरंजन म्हणाला. त्याचा आवाज दमलेला होता. "म्हणजे माझंच चुकलं, केतकी. दुसरं काय असणार?"

"तू मीटर लावून आवळतोस. तुझं चुकणार नाही."

"तुझंच यंत्र सांगतंय की."

तिने पडद्यावरची हिरवी अक्षरं पुन्हा वाचली.

"उद्या सकाळी रोपवे सुरू करतायत," तो पुढे म्हणाला. "पिना बदलल्यात. त्याच लॉटमधल्या शिल्लक होत्या, त्या लावल्या. पहिल्या डब्यात मी बसणार आहे."

"तू कशाला?"

"दुरुस्त करणाऱ्याने पहिलं बसायचं, इथली पद्धत आहे ती. आणि खाली दोन बायका दिवस भरत आलेल्या, हॉस्पिटलात जायला खोळंबल्यात. मी बसल्याशिवाय त्या कशा बसतील?"

केतकीने फोन ठेवला. त्याच लॉटमधल्या पिना, हे तीन शब्द तिच्या डोक्यातून जाईनात.

"रेहाना, तो तुकडा बाहेर काढ," ती म्हणाली. "आपण हाताने बघू."

रेहाना शिकलगार तिची सहकारी. तिशीची, बोलायला फटकळ, हाताला सोन्यासारखी. "हाताने? मॅडम, पॉलिशचं कापड कुठल्या कपाटात आहे ते तरी आठवतंय का आपल्याला?" असं म्हणत ती उठली आणि शोधायला लागलीही.

तुटलेल्या जागेवरूनच काही कळलं असतं तर सगळं सोपं होतं. पण डबा खाली घेईपर्यंत पिनेचे दोन्ही तुकडे दिवसभर एकमेकांवर घासत राहिले होते. तुटलेला भाग पार गुळगुळीत झाला होता. आता बघायचं ते पोलादाच्या आत.

पोलाद वरून एकजीव दिसतं, तसं ते नसतं. रव्याच्या वडीत जसे कण एकमेकांना चिकटून बसलेले असतात, तसे पोलादातही कण असतात, फक्त डोळ्यांना न दिसणारे. पाक बिघडला की वडी कणाकणाच्या सांध्यातून भुगा होते. पोलादाचंही तसंच होऊ शकतं. पण घासून चकचकीत केलेल्या पोलादात सूक्ष्मदर्शकाखाली काहीही दिसत नाही, नुसता आरसा. त्यावर आम्ल लावलं की ते कुठे जास्त खातं, कुठे कमी, आणि मग आतलं चित्र उमटतं. कोणतं चित्र उमटणार, ते आम्लावर असतं. आम्ल निवडणं म्हणजे प्रश्न निवडणं. अल्कोहोलमध्ये नायट्रिक आम्लाचे चार थेंब टाकून लावलं, तर कडक केलेल्या पोलादाच्या बारीक सुया सुरेख दिसतात. पोलाद भट्टीत लालबुंद असताना जे मूळ कण होते, त्यांच्या सीमा मात्र त्या सुयांच्या गर्दीत हरवून जातात. त्या बघायच्या तर पिक्रिक आम्ल लागतं.

"पिक्रिक लाव," केतकीने आत्याबाईंना सांगितलं.

"शिफारस नाही," पडदा म्हणाला. "या आम्लाने स्पष्ट चित्र मिळत नाही."

"तरी लाव."

"टाकी रिकामी आहे."

"मॅडम," रेहाना मागून म्हणाली, "ती टाकी कधी भरलेलीच नाहीये. यंत्र आलं तेव्हापासून."

पिक्रिक हे तसं उपद्रवी आम्ल. वाळलं तर स्फोट होतो, म्हणून पाण्याखाली बुडवून ठेवावं लागतं, परवाना काढावा लागतो, आणि हाताला लागलं की पिवळा डाग पुसता पुसत नाही. एवढं सोसून ते कोण वापरणार? आवाराच्या टोकाला स्फोटकांची खोली होती, तिथून एक बाटली मिळाली. रेहानाने हातमोजे चढवून ते कोमट पाण्यात विरघळेल तेवढं विरघळवलं, भांड्याच्या साबणासारखा एक द्रव त्यात थोडा घातला आणि कापसाचा बोळा भिजवला.

आधी त्यांनी दुसऱ्या लॉटची, धडधाकट पिन घेतली. बोळा फिरवला, वाट बघितली, काजळी पुसली, पुन्हा फिरवला. सूक्ष्मदर्शकाखाली धुरकट राखाडी रंगाशिवाय काही नव्हतं.

"बघा," रेहाना म्हणाली. "आत्याबाई खरं बोलतात. काही दिसत नाही."

मग तुटलेल्या पिनेचा तुकडा. या वेळी केतकी स्वतः डोळा लावून बसली. काजळी पुसली गेली आणि ती खुर्चीतून उठलीच.

"काय झालं, मॅडम?"

केतकीने सूक्ष्मदर्शकाकडे बोट दाखवलं. रेहानाने वाकून बघितलं आणि "या अल्ला" एवढंच म्हणाली.

जाळं होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकही धागा न तुटलेलं काळंकुट्ट जाळं. मूळ कणांची एकूण एक सीमा आम्लाने खोल खाल्ली होती. पिक्रिक सीमा खातं ते तिथे फॉस्फरस येऊन साठलेला असला तर. फॉस्फरस साठला म्हणजे कणांचे सांधे गेले. असं पोलाद वरून तितकंच कडक राहतं, कडकपणाच्या चाचणीत पूर्ण गुण मिळवतं, कोल्हापूरच्या उन्हात घण घातला तरी वाकेल पण तुटणार नाही. थंडीत मात्र ते वाकायचं विसरतं आणि सरळ काच होतं.

दहा वर्षांपूर्वी ही भीती फारशी नव्हती. पण खाणीतून लोखंड काढणं बंद होत आलं, आणि सगळं पोलाद भंगार वितळवून व्हायला लागलं. भंगारातला कथील, फॉस्फरस, सगळा कचरा त्यात दर वितळवणीगणिक साचत गेला. शिवाय हा आजार रोखणारं मॉलिब्डेनम महाग झालं म्हणून तेही काढून टाकलं. कडक केलेलं पोलाद भट्टीत पुन्हा एकदा तापवावं लागतं; त्यातून काढल्यावर झटकन थंड केलं तर ते ठणठणीत राहतं. रेंगाळत थंड झालं की संपलं.

"पण मग आत्याबाईंना हे दिसलं कसं नाही?" रेहाना म्हणाली. "सहा वर्षांत एकदाही?"

केतकीला उत्तर माहीत होतं.

आत्याबाईंना शिकवताना तिने आणि तिच्या चमूने हजारो फोटोंना गुण दिले होते. चित्र स्पष्ट असेल तर पैकीच्या पैकी, धुरकट असेल तर शून्य. किती साधा, किती शहाणा नियम! सुयांचं चित्र प्रत्येक पोलादात स्पष्ट येई. पिक्रिकचं चित्र निरोगी पोलादात धुरकट, आणि बहुतेक पोलाद निरोगी. म्हणून यंत्राने पिक्रिक सोडून दिलं. ज्या प्रश्नाला फक्त आजारी पोलाद उत्तर देतं, तो प्रश्नच विचारायचं त्याने बंद केलं. आणि नापास व्हायची भीती असलेला प्रश्न टाळायला त्याला शिकवलं कुणी? डॉक्टर केतकी चौगुले यांनी. त्याबद्दल त्यांचा दिल्लीत सत्कारही झाला होता.

तिने फोन उचलला, कारण निरंजन उद्या सकाळी त्या जाळ्याला लटकणार होता.

"बसू नकोस," ती फोनवर जवळजवळ ओरडली. "पिना सडक्या आहेत. सगळा लॉट."

"मी बसलो नाही तर दुसरा कुणी बसेल," निरंजन म्हणाला. "हे लोक माझ्या शब्दावर थांबत नाहीत, केतकी. जो माणूस चुकला तोच आता पिनांना नावं ठेवतोय म्हणतील. आत्याबाईंचा निकाल रद्द कर. तरच थांबतील."

निकाल रद्द करायचा तर नुसता फोटो चालत नसे. दोष कोणत्या कारखान्यात आणि कसा शिरला, ते सांगावं लागे, आणि सांगितल्या क्षणी त्या कारखान्याला टाळं लागे. तिने पिनेवरचा आकडा यंत्राला दिला. पिना घडवणारी कंपनी पुण्याची होती. कडक करण्याचं काम त्या कंपनीने बाहेर दिलं होतं. कुणाला दिलं, ते पडद्यावर आलं.

उदय चौगुले हीट ट्रीटर्स, गोकुळ शिरगाव.

रेहानाने ते नाव वाचलं आणि गाडीची किल्ली केतकीपुढे सरकवली. लग्नानंतरही केतकीने माहेरचंच आडनाव ठेवलं होतं, आणि उदय चौगुले तिचा सख्खा मोठा भाऊ होता.

हायवेने गोकुळ शिरगाव काही लांब नाही, पण त्या दिवशी केतकीला तो रस्ता संपता संपेना. आई-वडील लवकर गेल्यावर दादानेच तिला शिकवलं होतं. तिच्या शिक्षणापायी त्याने स्वतःचं लग्न चार वर्षं लांबवलं होतं. त्या माणसाला जाऊन काय म्हणायचं? तुझ्या पिनांनी माझा नवरा मरणार होता?

शेडमध्ये दोन्ही भट्ट्या धडधडत होत्या. उदयदादा बाहेर येऊन हात पुसत हसला.

"आगं केतू! फोन तरी करायचा. जेवलीस का?"

"दादा, झंस्कारची पिन तुझ्याकडची आहे."

त्याचं हसू मावळलं, पण तो डगमगला नाही. "माझ्याकडची? मग ती पोलादानं तुटल्याली न्हाई. कडकपणा मी स्वतः तपासतोय. आणि तुझ्या यंत्रानंच पास केलीया की."

"यंत्र चुकलं. मी चुकले. कडकपणा बरोबरच येतो यात." तिने फोनवरचं जाळं त्याच्यापुढे धरलं. "हे सावकाश थंड झालेलं पोलाद आहे. दुसऱ्यांदा तापवल्यावर बाहेर काढून तेलात घातलंच नव्हतं."

"असं हुईलच कसं? माझी पोरं माल काढला की लगेच तेलात सोडत्यात. एक दिवस चुकत न्हाईत."

"आठव ना. हा लॉट दहा ऑक्टोबरच्या आसपासचा आहे. भट्टीत राहून गेला असेल. वीज गेली असेल."

"वीज कुठली जात्या आता? दहा ऑक्टोबरला..." तो बोलता बोलता थांबला. त्याचा चेहरा बघता बघता पांढरा पडला. "केतू, खंडेनवमी हुती."

केतकीने त्याच्यापुढे धरलेला फोन खाली घेतला.

खंडेनवमीला हत्यारांची, यंत्रांची पूजा. त्या दिवशी यंत्र चालवायचं नाही, त्याला विश्रांती द्यायची. आणि भट्टीवाल्यांचा आणखी एक नेम. रिकाम्या भट्टीची पूजा करायची नाही. भरलेल्या पोटी तिला हळदकुंकू लावायचं, म्हणजे वर्षभर काम कमी पडत नाही. सकाळी भट्टी बंद करायची, दार लावलेलंच ठेवायचं, नारळ फोडायचा, आणि माल बाहेर काढायचा तो दसऱ्याचं सोनं लुटून झाल्यावर. आजोबांच्या वेळी त्या भट्टीत कुऱ्हाडी आणि नांगराचे फाळ असत. साधं पोलाद, दिवसभर आत निवलं तरी त्याचं काही बिघडत नसे. भट्टीतला माल बदलला, पोलाद बदललं, नेम तेवढा तसाच राहिला.

"तू तिथंच हुतीस की," दादा हळूच म्हणाला. तो तिला दोष देत नव्हता, त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "हळद तूच लावलीस."

तिनेच लावली होती. माहेरवाशिणीचा मान म्हणून दरवर्षी तीच लावायची. भट्टीच्या पत्र्यावर हळदीचा हात उमटवताना तळव्याला लागलेली ऊब तिला आत्ता आठवली. आत माल सावकाश निवत होता आणि पोलादाची डॉक्टर बाहेर उभी राहून पेढा खात होती. एवढं शिकून, एवढं शिकवून, तिच्या मनात शंकासुद्धा आली नव्हती. तिला स्वतःची इतकी किळस आली की ती तिथल्याच एका पेटीवर मटकन बसली.

"आणि नमुन्याचे तुकडे?" तिने विचारलं. "आपटून तोडायची चाचणी असते ना?"

"ते लहान भट्टीत करतो आपण. वेगळे. ते काम आदल्या दिवशीच झालं हुतं, म्हणून पास झालं."

भट्ट्यांचा आवाज येत होता. शेवटी केतकीने फोन मांडीवर ठेवला.

"दादा, निकाल रद्द करायचा तर तुझं नाव द्यावं लागतं. नाव दिलं की टाळं लागेल. आजच."

"भाऊजी कुठं हायत?"

"उद्या सकाळी पहिल्या डब्यात बसणार आहेत."

"मग बसलीस काय? दे की नाव!" तो खेकसला, आणि लगेच कामगारांकडे वळून ओरडला, "पोरांनो, टाळं लागायच्या आधी दोन्ही भट्ट्यांतला माल बाहेर काढा आणि तेलात घाला! एक नग आत ऱ्हाता कामा न्हाई!"

तिने नाव दिलं. लाल तापलेल्या टोपल्या तेलात उतरल्या, धुराचा लोट उठला, आणि तो विरेपर्यंत टाळ्याचा हुकूम लागू होऊन शेडचा वीजपुरवठा तुटला. इतका आवाज अचानक बंद झाल्यावर तिच्या कानांत नुसतं घूं घूं व्हायला लागलं.

निरंजनचा फोन आला. रोपवे थांबवला होता. गरोदर बायकांसाठी सैन्याचं हेलिकॉप्टर येणार होतं. तो रडत होता, हसतही होता. "मी सुटलो गं," तो म्हणाला. "माझं चुकलं नव्हतं!" कारखाना कुणाचा, हे त्याने विचारलं नाही आणि तिला ते सांगवलं नाही.

तिने फोन ठेवला. दादा बंद भट्टीला टेकून उभा होता. चाळीस कामगारांचा कारखाना गेला, याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर असेल म्हणून ती घाबरतच त्याच्याकडे बघत होती. पण तो भलत्याच विचारात होता.

"केतू," तो म्हणाला, "ते भंगाराचं पोलाद येतंय त्याला किती वर्षं झाली?"

"आठ. का?"

"तू यंदाचाच लॉट लिहिलास."

"मग?"

"आगं, खंडेनवमी दरवर्षी येत्या."

केतकीला ते ऐकू आलं, पण क्षणभर समजलं नाही. समजलं तेव्हा तिने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"दरवर्षी असाच माल आत ठेवलास?"

"ठेवायचाच असतो. पुलाचे बोल्ट हुते एकदा. दोन वर्षं रेल्वेचा माल हुता, काश्मीरकडचा." त्याने पलीकडच्या शेडकडे बोट दाखवलं. "आणि मी एकटा हाय का? भट्टी काय माझ्या एकट्याचीच पुजत्यात?"

ती उठून शेडच्या दारात आली. समोर गोकुळ शिरगावचा रस्ता संध्याकाळच्या उन्हात सरळ पसरला होता, आणि दोन्ही बाजूंना शेडमागून शेड, भट्ट्यांच्या चिमण्या, आत चालू असलेलं काम. प्रत्येक शेडच्या दारावर दसऱ्याचं झेंडूचं तोरण होतं, वाळून तपकिरी झालेलं. या दारावर होतं, पलीकडच्या दारावर होतं, रस्त्याच्या वळणापर्यंत दिसेल त्या दारावर होतं. वळणापलीकडे हातकणंगले होतं, सांगली होती, पुणं होतं, आणि सगळीकडच्या भट्ट्या त्या एका दिवशी भरल्या पोटी बंद होत्या. त्यातून निघालेल्या प्रत्येक तुकड्याला आत्याबाईंनी पास केलं होतं.

दादा तिच्या मागे येऊन उभा राहिला. "उत्तरेत थंडीची लाट हाय म्हणत्यात आठवडाभर," तो म्हणाला.

केतकीने पुन्हा फोन उघडला. कुणाचं नाव आधी लिहायचं, तेच तिला कळेना.